गिअरच्या मुठीबाबत

नाव ओळखपत्र पाहून वर वेगळे लिहून घेतले आहे. लोक मला मिस्त्री म्हणतात. वय ५८ वर्षे, धंदा मोटारगाड्या दुरुस्तीचे गॅरेज, राहणार गॅरेजच्याच मागच्या दोन खोल्यांत.

मी समक्ष ठाण्यात येऊन, हवालदार विचारतील तसे सांगतो की, माझी मुलगी आणि माझे एक गिऱ्हाईक, दातांचे डॉक्टर, ज्या लाल दोन सीटच्या गाडीतून आत्ता गेले आहेत, त्या गाडीचे ब्रेक भरवशाचे नाहीत. हे त्या दोघांनाही माहीत नाही. गाडी थांबवावी एवढ्यासाठी मी आलो आहे. कोणाविरुद्ध तक्रार नाही. गस्तीच्या गाडीला वायरलेसवरून निरोप गेला आहे. उत्तर येईपर्यंत येरझारा घालू नका, बसून सगळे नीट सांगा, असे हवालदार म्हणाल्यावरून हा जबाब देत आहे.

गाडी डॉक्टरांची आहे. येत्या रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर हौशी लोकांना आपापली गाडी पळवायला देणार आहेत. त्यात नंबर काढत नाहीत, बक्षीस नाही. मोकळ्या ट्रॅकवर गाडी हवी तशी पळवायची, एवढेच. डॉक्टरांनी त्याचे वेड घेतले आहे. दवाखान्याला जायची गाडी तशीच नेली तर दुपारपर्यंत ती तरी आडवी होईल नाहीतर तुम्ही तरी, असे मी त्यांना सुरुवातीलाच सांगितले होते. त्यांना मोठ्या आवाजाचा सायलेन्सर हवा होता. मी म्हणालो, "डॉक्टर, आधी थांबायचं बघू, मग बोंबलायचं बघू." त्याप्रमाणे इंजिन ऑईल बदलले, रेडिएटरचे पाइप नवे घातले, टायर तपासले, चाकांचे नट मापात आवळले, जास्त उष्णता सोसणारे नवे ब्रेक पॅड लावले. ब्रेक ऑईल बदलायचे तेवढे राहिले होते.

ब्रेक ऑईल जुने झाले तर काय होते, असे हवालदारांनी विचारले. ते हवेतला ओलावा ओढून घेते. गाडी बाजारात, दवाखान्यात फिरते तोवर काही कळत नाही. पण वेगात नेऊन पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक दाबले की ते तापून उकळते, त्यात बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल उशीसारखे मऊ होऊन खाली जाते. पहिले काही ब्रेक उत्तम लागतात. मला त्याचीच जास्त भीती वाटते, कारण चालवणाऱ्याला वाटते सगळे ठीक आहे.

माझी मुलगी माझ्याच गॅरेजमध्ये काम करते. वय २६ वर्षे. गाडी माझ्यापेक्षा बरी चालवते. तसे तिला कधी म्हटलेले नाही.

आमच्या गॅरेजमध्ये एक पद्धत आहे. गाडीचे काम अर्धवट असेल तर मी तिच्या गिअरच्या दांड्यावरची मूठ फिरवून काढतो आणि शर्टाच्या खिशात ठेवतो. मूठ नसलेली गाडी कोणी हलवत नाही. काम पुरे झाले की मी स्वतः मूठ बसवतो आणि मगच किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात जाते. कागदावर खुणा करणे मला जमत नाही, खिसा जड लागला की काम बाकी आहे हे लक्षात राहते.

मागच्या आठवड्यात एका गाडीची मूठ बसवल्यावरही मुलीने गिऱ्हाइकादेखत मला विचारले, "बाबा, चाकं आवळलीत ना?" गिऱ्हाईक हसले. मला ते लागले. मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो, "मूठ दिसली की काम झालं. परत विचारायचं नाही. मी तुझा बाप आहे का तू माझा?" त्यानंतर तिने काही विचारलेले नाही.

आज सकाळी डॉक्टरांची गाडी लिफ्टवर होती. तेवढ्यात शाळेची व्हॅन क्लच तुटल्यामुळे ढकलत आणली. लिफ्ट मोकळी करणे भाग होते. गाडी हलवण्यापुरती मी डॉक्टरांच्या गाडीची मूठ बसवली, गाडी खाली घेऊन भिंतीला लावली आणि व्हॅन वर घेतली. मूठ परत काढली नाही. घाईत होतो हे खरे आहे, पण घाई मला रोजच असते. मग ब्रेक ऑईल आणायला मी दुकानात गेलो, कारण गॅरेजमधल्या बाटलीचे सील तुटलेले होते आणि उघडी बाटली आम्ही वापरत नाही. आणलेली बाटली आत्ता या टेबलावर आहे. ही दारू नाही, असे हवालदारांना सांगितले आहे.

परत आलो तर भिंतीजवळ गाडी नव्हती. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "डॉक्टर आलेले. ताई म्हणाली पॅड बसवून आणते. मूठ हलवून बघितली, घट्ट आहे म्हणाली, नि गेली."

पॅड बसवणे म्हणजे नवे पॅड डिस्कवर नीट घासून घेणे. त्यासाठी गाडी वेगात नेऊन आठ-दहा वेळा जोरात ब्रेक दाबावे लागतात. हे मीच तिला शिकवले आहे. म्हणजे जुन्या ऑईलवर जे चुकूनही करू नये, नेमके तेच करायला ती गेली आहे. आम्ही त्यासाठी कारखान्यांच्या मागचा सरळ रस्ता वापरतो. तिथे रहदारी नसते. रस्त्याच्या शेवटी काटकोनात वळण आहे. समोर कालवा आहे आणि कठडा नाही.

फोन का केला नाही, असे विचारले. केला. तो माझ्या कामाच्या टेबलावर वाजला. ट्रॅकसाठी तयार केलेल्या गाडीत सुटी वस्तू ठेवायची नाही, जोरात ब्रेक लागला की ती पायाशी येते, हेही मीच शिकवलेले. दोघांनी खिसे रिकामे करून पत्र्याच्या ताटलीत फोन ठेवले होते. दोन्ही फोन मी सोबत आणले आहेत. माझी स्कूटर त्या रस्त्यापर्यंत वेळेत पोचणार नाही आणि ठाणे वाटेतच लागते, म्हणून आत आलो.

हे सांगत असताना डॉक्टरांच्या फोनवर त्यांच्या मिसेसचा फोन तीन वेळा आला. मी उचलला नाही. काय सांगणार होतो? हवालदारांनी पाणी दिले, ते तसेच ठेवले आहे.

मला भीती वाटते आहे, असे मी हवालदारांना स्पष्ट सांगितले. मुलगी न विचारता गेली म्हणून मी तिला दोष देत नाही. तिने माझ्या सांगण्याप्रमाणेच केले.

जबाब इथपर्यंत आला असता वायरलेसवर गस्तीच्या गाडीचे उत्तर आले. ते मी स्वतः ऐकले. लाल गाडी वळणाच्या अलीकडे रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात शिरलेली आहे. पुढचा बंपर फुटला आहे. मुलीला काही झालेले नाही. पेडल खाली गेल्यावर तिने गिअर खाली आणत, हँडब्रेक ओढत गाडी ढिगात घातली. डॉक्टरांचा ओठ फुटला आहे आणि पुढचा एक दात हलतो आहे. त्यांचा त्यांनाच बघता येईल, असे मी म्हणालो. त्यावेळी मी हसत होतो की काय ते मला सांगता येणार नाही.

गस्तीवरचे शिपाई पुढे म्हणाले, "गाडी बाजूला घेऊ म्हटलं तर बाई हात लावू देत नाहीत. गिअरची मूठ काढून खिशात घातलीय. मागितली तर म्हणतात, काम अर्धवट आहे."

मी बाकावर बसलो. मला रडू आले. हे लिहू नका, असे मी म्हणालो होतो. हवालदारांनी लिहिले आहे, राहू द्यावे.

शिपायांनी तिचा निरोप सांगितला: "बाबांना विचारा, ब्रेक ऑईल बदललं होतं का?"

हवालदारांनी वायरलेसचे बटण माझ्यासाठी दाबून धरले. मी म्हणालो, "नाही. बाबा विसरला. तू विचारायला हवं होतंस असं म्हणणार नाही. मीच विचारू दिलं नाही. इथून पुढं विचारत जा. मूठ बसलेली असली तरी विचार. चारचौघांत विचार." पलीकडून शिपाई म्हणाले, "बाईंनी ऐकलं."

ती मूठ मी तिच्याकडून परत घेणार नाही. इथून पुढे गॅरेजमधल्या मुठी तिच्या खिशात राहतील. बाटली घेऊन मी आता तिकडेच निघतो आहे, आणि वाटेत डॉक्टरांच्या मिसेसचा फोन उचलणार आहे.

हवालदारांनी वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, मी सांगितले तसाच तो लिहिलेला आहे. खालची सही माझीच आहे. बाटली हातात धरून उभ्यानेच केल्यामुळे ओळखपत्रावरच्या सहीशी जुळत नाही.