लेबलावरची बाई

संचिता : सही कर ना मावशी. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेय. उद्या ऑफिसला जाताना वागळे इस्टेटला उतरून विनिता वकिलांना हा कागद द्यायचाय मला.

वासंती : एवढ्या वीस बाटल्यांना लेबलं लावते, मग करते. हाताला खळ आहे बघ सगळी.

संचिता : हात पूस. पाच सेकंदांचं काम आहे.

वासंती : परत एकदा वाचून दाखव.

संचिता : परत? बरं, ऐक. 'नीला केशतेल' या ट्रेडमार्कसाठी अर्ज केलेली मी, वासंती, प्रतिज्ञेवर लिहून देते की लेबलावरचं चित्र माझ्या पतीच्या पहिल्या पत्नी कैलासवासी नीला यांचं आहे. आणि खाली माझं. मी त्यांची एकुलती मुलगी, आईचं चित्र वापरायला माझी हरकत नाही. माझी सही झालीय.

वासंती : हे लागतंच का त्यांना? तेल आपलं, नाव आपलं.

संचिता : अगं, लेबलावर खरं माणूस असलं की त्याची परवानगी मागतात. माणूस वारलेलं असेल तर घरच्यांची. ट्रेडमार्क ऑफिसचं तसं पत्रच आलंय. आणि तो स्टेशनबाहेरचा 'नीलम केशतेल'वाला? सेम हिरवं झाकण, सेम वेणीवाली बाई. लोक त्याचं तेल नेतात आणि केस चिकट झाले म्हणून तुझ्याशी येऊन भांडतात. त्याला गप्प करायला आपल्या हातात काहीतरी नको?

वासंती : चहा टाकू का गं?

संचिता : मावशी.

वासंती : दूध उतू जाईल नाहीतर. सकाळचं आहे.

संचिता : एक विचारू? रागावू नकोस. तुला तिचं नाव नकोय का? बाबा गेल्यापासून कढईपाशी तू एकटी असतेस. माका तू निवडतेस, जास्वंद तू वाटतेस, आणि बाटलीवर ती. मला वाईट नाही वाटणार. 'वासंती केशतेल' करू. नवीन अर्ज टाकू.

वासंती : वेडी आहेस का. नीलाताईंचं तेल आहे ते. मी तुझ्या बाबांकडून आयतं शिकले. नाव तेच राहील.

संचिता : मग अडलंय कुठे?

वासंती : चित्रात. ते चित्र त्यांचं नाहीये.

संचिता : म्हणजे?

वासंती : तू दुसरीत होतीस. वालधुनी नदीचं पाणी घरात शिरलेलं. तू डोंबिवलीला आत्याकडे होतीस तेव्हा. आधीचं लेबल त्यांच्या लग्नातल्या फोटोवरून केलेलं. तो अल्बम, छपाईचा ठसा, लेबलांचे गठ्ठे, सगळ्याचा लगदा झाला. तुझ्या मामांकडे एक फोटो निघाला, पण तो पंचवीस माणसांमधला. नखाएवढा चेहरा, आणि त्यातही त्या खाली बघतायत.

संचिता : पण गिऱ्हाइकांकडे बाटल्या असतील ना. त्यांच्यावर जुनं लेबल होतं.

वासंती : अख्ख्या विठ्ठलवाडीत दारोदार फिरले मी. चार मिळाल्या. तेल लागून लागून लेबल कसं काळं पडतं, तुला माहितीय. वेणी दिसत होती, चेहरा नाही. शेवटी सखाराम पेंटर म्हणाले, समोर कुणीतरी बसा, मी काढतो.

संचिता : आणि तू बसलीस.

वासंती : तुझ्या बाबांनी बसवलं. माझे केस हे एवढेसे. गंगावन लावून बसले. एकीकडे हसू येत होतं, एकीकडे मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. दुसरीच्या ताटावर बसल्यासारखं.

संचिता : आणि मला कोणी सांगितलं नाही.

वासंती : आत्याकडून आलीस आणि नवं लेबल हातात घेतलंस. म्हणालीस, आता आई नीट दिसतेय. तुझे बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, राहू दे, मोठी झाली की सांगू. मग तू मोठी झालीस आणि मला धीर होईना.

संचिता : दहावीला माझ्या कंपासपेटीत लेबल होतं. पेपर हातात यायच्या आधी बघायचे मी त्याच्याकडे.

वासंती : माहितीय. पेन्सिलला टोक करून ठेवायला उघडली तेव्हा दिसलेलं. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी पेटी मिटली आणि मोरीत जाऊन रडले. वाटलं, या पोरीला फसवतोय आपण. आणि दुसरीकडे... जाऊ दे.

संचिता : बोल ना.

वासंती : दुसरीकडे बरं वाटलं गं. ही मला पेपरला बरोबर नेते. तिला ठाऊक नाही, पण नेते.

संचिता : मला तिचा चेहरा आठवत नाही मावशी. ती गेली तेव्हा चार वर्षांची होते मी. इतकी वर्षं वाटायचं, आठवतो. म्हणजे मला तूच आठवत होतीस.

वासंती : चुकलंच माझं.

संचिता : आत्ता गप्प राहिली असतीस तर मला कधीच कळलं नसतं. का सांगितलंस?

वासंती : तू सही करून बसलीस म्हणून. खोट्या कागदावर माझी एकटीची सही असती तर मी केलीही असती. तुझी नको. आणि उद्या त्या नीलमवाल्याने कुठून हे उकरून काढलं तर नावही जाईल. त्यांचं तेवढंच उरलंय आपल्याकडे.

संचिता : (कागद फाडत) मग हा गेला. नाव तिचं, त्याला माझी संमती. चेहरा तुझा, त्याला तुझी. विनिता मॅडमना असंच सांगते, नवीन कागद करून देतील.

वासंती : आणि केस?

संचिता : गंगावनाची परवानगी कोणी मागितलेली नाही.

वासंती : तुला राग नाही आला?

संचिता : आलाय. अजून दोन-चार दिवस येईल. बाबांवर जास्त. ते आता भांडायलाही नाहीत. तुझा फोटो लागेल कागदाला जोडायला. इकडे उजेडात ये.

वासंती : थांब, केस विंचरून येते.

संचिता : नको. अशीच बस.

वासंती : झाला काढून?

संचिता : काढते गं. आधी नीट बघू तर दे.