माईकमागं गाणारी माझी सुमन

मी मूळचा धुळ्याकडचा, शिंदखेड्याच्या बाजूचा. मिसरूड फुटायच्या आधी काकानं सुरतेत आणला आन कापड विणायच्या लूमवर उभा केला, तेव्हापासून तिथल्या लिंबायत वस्तीतच हाय. काय सांगू तुम्हाले भाऊ, लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बोलणं नसतंच, मशिनींचा खडखडाट एवढा का शेजारच्याचे ओठ पाह्यचे आन समजून घ्यायचं. तेव्हा मजा वाटायची, आता तेच एक राह्यलंय.

आन गाणं व्हतं. आमच्या गल्लीचं मंडळ गणपतीत एकच गाण्याचा खेळ करायचं, सोनीचा खेळ, वर्षानुवर्षं तोच, तरी मांडवात माणूस मावायचा नाही. सोनी आन शेजारचा पोरगा, लहानपणी संगं भोवरा खेळणारे, मोठे व्हतात, जीव जडतो, आन शेवटी सोनीले भलत्याच गावाले देऊन टाकतात. निघताना ती गाते. ती सोनी मी! मिशी काढून, लुगडं नेसून. बायका अशा रडायच्या, माझी बायको तर पदर तोंडाले लावूनच बसायची. पुढं पुढं मले पेटीचा सूरच सापडेना. पेटीवाला म्हणे, अरे कुठं चालला तू, मी म्हणे तूच चुकू राह्यला, लय भांडलो त्याच्याशी. मग डॉक्टर म्हणे, लूमनं कान खाल्ले तुमचे, मशीन सोडा. आता मशीन सोडून खाऊ काय, माती?

तेव्हा माझी सुमन असंल सात-आठ वर्षांची. कानाशी येऊन वरडायची, बा, तुले ऐकू येस का? येस वं माय, म्हणायचो. मग तेही ऐकू येणं बंद झालं.

पोर घरी साड्यांवर टिकल्या लावता लावता मोठी झाली, गाती झाली, आन मंडळानं सोनीचं काम तिलेच दिलं. मी पाह्यचो, पन तिच्या तोंडापुढं माईक, दिसंल काय कपाळ! तशात तिचं लग्न ठरलं. व्याही म्हणे, यंदा गाऊ द्या, लग्न झालं का स्टेज बंद. त्याचे ओठ मले साफ दिसले, म्या हात जोडले. पोरीच्या बापानं दुसरं काय करावं? मनात एकच व्हतं, हे शेवटचं गाणं मले पाह्यचंच. गाणं तर माझंच, ओठ दिसले का आतल्या आत वाजंल.

म्हणून गाण्याच्या आधी स्टेजवर चढलो, माईक दाबून तिच्या छातीपाशी केला आन पुढं येऊन बसलो. भाऊ, एकेक अक्षर दिसलं! माघं पाह्यलं तर लोक उठलेले, हात वर, तोंडं उघडी. मले वाटलं, वा रे माझी वाघीण! म्याबी हात वर केले, वरडलो. तर बायकोनं दंडाले चिमटा घेतला, तिच्या ओठांवर दिसलं, आवाज येत नाही म्हणून बोंबलू राह्यले लोक, खाली बसा. मंडळाच्या पोरानं पळत जाऊन माईक वर केला आन तिचं तोंड गेलं त्याच्यामाघं. नुस्ते डोळे राह्यले. सगळं गाणं ती माझ्याकडंच पाहत व्हती. आन मी काय करणार, मी तिच्या डोळ्यांकडं पाहत बसलो.

लोक म्हणतात, हुबेहूब तुमच्यासारखी गायली. गायली असंल.

मी अजून लूमवरच हाय. आखाजीले, अक्षय तृतीयेच्या सणाले, सुमन माहेराले येते, मी दारात झोका बांधतो, ती तिच्या तान्हीले मांडीवर घेऊन झोक्यावर गाते. झोका पुढं आला का तिचे ओठ दिसतात, माघं गेला का नाही. जे दिसतं त्याले मी आवाज लावतो, तो तिच्या सात-आठ वर्षांचाच, बा तुले ऐकू येस का, तो. मोठेपणचा माझ्याकडं नाहीच ना भाऊ, आणू कुठून? गात राह्य बाई, सुखी राह्य.