पाठमोरा नायक

दिग्दर्शक : ...आणि काल आपला जुना चित्रपट संपला, तर टाळ्या काही थांबेनात! मग एक चष्मेवाला उठला. म्हणाला, "तुमच्या मूकपटात प्रियकराची फक्त पाठ दिसते. पाठीतून विरह दाखवणारे तुम्हीच पहिले."

नायिका : मग तुम्ही काय सांगितलंत?

दिग्दर्शक : मान डोलावली. हिरोची दाढ सुजून गालाचा भोपळा झाला होता, हे कुठल्या तोंडाने सांगू? इतकी वर्षं त्या दाढेवर व्याख्यानं झोडतोय मी!

नायिका : आणि शेवटच्या प्रसंगाला तो आलाच नाही. त्याचा कोट चढवून तुम्हीच उभे राहिलात माझ्यासमोर.

दिग्दर्शक : पोट आत ओढून! तेच माझं सर्वांत सुंदर दृश्य म्हणे. अर्धं तर माझ्या पाठीनेच अडवलंय.

नायिका : एवढंच सांगायला धापा टाकत जिने चढलात?

दिग्दर्शक : नाही गं. काल भाची सोबत होती. तिला ऐकू येत नाही, ओठ वाचते. पडद्यावर अक्षरं आली, 'नाथ, मी वाट पाहीन.' तर ही मला कोपराने ढोसून खुणेने सांगते, मामा, ती असं म्हणतच नाहीये.

नायिका : (कप खाली ठेवत) मग काय म्हणतेय?

दिग्दर्शक : 'साहेब, माझ्याशी लग्न कराल?'

नायिका : नीट वाचते हो पोर.

दिग्दर्शक : म्हणजे खरंच? अगं, मी हातभर अंतरावर होतो! मला ऐकू कसं आलं नाही?

नायिका : आलं की. उत्तरही दिलंत.

दिग्दर्शक : काय?

नायिका : "हनुवटी जरा वर. छान. आता डोळ्यांत पाणी येऊ दे."

दिग्दर्शक : अरे देवा.

नायिका : आलं पाणी. तुम्ही खूश!

दिग्दर्शक : मला वाटलं, काय अभिनय करते पोरगी! गाढव मी, शुद्ध गाढव. नशीब, माझं तोंड पडद्यावर दिसत नाही. पण तू परत विचारायचंस ना!

नायिका : विचारणार होते. पण पुढच्या चित्रपटात म्हणालात, मागच्यासारखंच रड.

दिग्दर्शक : आणि मी जगाला सांगत हिंडलो, लग्नाचं मला कुणी विचारलंच नाही! आपण दोघं आपापल्या घरी एकेकटे चहा पीत म्हातारे झालो. आता केस गेले, पोटही आत जात नाही...

नायिका : तिथे नका बसू. इकडे या, खिडकीपाशी. उजेडाकडे तोंड करा.

दिग्दर्शक : कशाला?

नायिका : हनुवटी जरा वर. हं, आता द्या उत्तर.