जुनी घेऊ का नवी

रिसोडच्या स्टँडवर मंगरूळपीरची बस लागली, लोक खिडक्यांतून सीटवर रुमाल टाकू लागले, तरी उकंडराव बाकावरून हलेनात. त्यांचे कान शेजारच्या जोडप्याकडे होते; कार पाहून आलेला नवरा बोलत होता आणि बायको पिशवीत स्कार्फ शोधत होती.

"जुनं मॉडेलच घेऊ, अंजू. पाय दाबला का गाडी उडते."

"आपल्या रस्त्यानं कोन्तीबी उडते. नवी घ्या."

"नवीचा आवाजच येत नाई. जुनी आली का गावाले कयते."

"आवाजाले तुमी हा ना घरात."

"राहू दे. दोन्ही त्या डीलरकडंच उभ्या हायेत. सोमवारी ठरवू."

"तोवर कोनी नेली म्हंजे?"

"कोन नेते? जुनीच्या सीटवर माहा रुमाल टाकून आलो."

"आन नवीच्या?"

"तू आता स्कार्फ शोधू नको."