तुटलं तर तुटलं म्हणा

...नाही, पण मी म्हणतो, तुटलं तर तुटलं म्हणायला काय जातं हो कुणाचं? तुम्हाला सांगतो, एवढं एक न म्हटल्यापायी माझी बायको परगावी राहायला गेलीय! म्हणजे असं बघा, लांब कुठल्यातरी गारढोण खोलीत एक दांडगं मशीन असतं, त्याच्या पोटात ढीगभर नकली कॉम्प्युटर, आणि त्यातल्या एकाचा पडदा तुमच्या टेबलावर दिसतो. तो दाखवणारी खिडकी आमच्या कंपनीची. मधलं कनेक्शन तुटलं की खिडकीनं काय करायचं, एवढंच माझं काम. आयुष्य गेलं त्यात.

आधी काय व्हायचं, तुटलं की खिडकी धाडकन बंद, वर लाल अक्षरांत बोंब. गिऱ्हाईकं वैतागली. साहेबांनी बोलावलं. साहेबांचा आवाज कसा, साखरेत घोळलेला... "पाहुणे निघाले की आपण दार आपटतो का? जरा सभ्यपणे घ्या ना." घेतलं सभ्यपणे! तुटलं तरी शेवटचं चित्र तसंच ठेवलं, आणि मागच्या मागे गुपचूप जोडायची खटपट चालू. साहेब खूष. आणि तिकडे एका गिऱ्हाईकाकडच्या ऑपरेटरबाई सबंध सकाळ त्या मेलेल्या चित्रात टाइप करत बसल्या! फोनवर अगदी रडकुंडीला आलेल्या, "अहो, मला वाटलं कॉम्प्युटर विचार करतोय..." तुटलं तर तुटलं म्हणायला हवं होतं, चुकलंच माझं.

मग ते निस्तरायचं म्हणून उठता-बसता तेच डोक्यात. जेवतानाही तेच. बायको समोर बसून काहीतरी सांगायची, मी हं म्हणायचो, घास घ्यायचो, पुन्हा हं म्हणायचो. एक दिवस बघतो तर दारात बॅगा! म्हटलं, हे काय? तर म्हणाली, बढती मिळतेय पण परगावी जावं लागेल, घेऊ का म्हणून मी तुला रोज विचारत होते, तू हं म्हणालास, मी होकार कळवून टाकला. अगं पण मी ऐकलंच नव्हतं! त्यावर शांतपणे म्हणते, "चेहरा तर होता समोर. मला काय कळणार?"

ऑपरेटरबाई आठवल्या हो मला.

खिडकी झाली दुरुस्त. आता तुटलं की चित्र फिकं पडतं, मधोमध साधं वाक्य येतं, कनेक्शन तुटलंय, पुन्हा जोडू का? खाली एक बटण. साहेबांनी नाक मुरडलं, पण ऑपरेटरबाईंनी मुद्दाम फोन करून आभार मानले. आणि घरी म्हणाल, तर बायको सुट्टीला येते, जेवायला बसते, बोलता बोलता मध्येच थांबून विचारते, "ऐकतोयस?" मी आता खोटं बोलत नाही. सरळ सांगतो, नाही गं, तुटलं. मग ती पाण्याचा घोट घेते आणि सुरू करते, पुन्हा अगदी पहिल्यापासून... आणि आता तर हं म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही.