अकीकांचा ओढा

आणि वर मलाच म्हणतात, "टेसा, घाई कशाला? दगड काय पळून जातात होय?" तुम्हाला सांगते, जन्मल्यापासून हे एकच वाक्य ऐकतेय! आमचे ऑर्विल आजोबा ओरेगॉनच्या या माळावर पन्नास वर्षं दगड वेचतायत आणि आमच्या दगडप्रेमी मंडळाची सहल एकतीस वर्षं त्यांच्या मागून जाते. नकाशा? नाही! "तिसऱ्या फाटकापुढं, वाळलेल्या झाडाच्या डावीकडं." गेल्या वर्षी डावीकडं काय निघालं? दुसऱ्याचं कुरण! त्यात बैल!

म्हणून यंदाची सहल मी नेणार म्हणून उभी राहिले. भूशास्त्र काय उगाच शिकतेय? सरकारी जमिनीचा नकाशा आणला, नियम पाठ केले, म्हणजे माणशी दिवसाला पंचवीस पौंड दगड, पानांचे जीवाश्म चालतील, हाडांना हात लावायचा नाही, आणि महिनाभर एकटी हिंडले. आजोबा पायरीवर बसून, "दगड काय पळून जातात?" आणि सापडला ना! ओढा! कोरडा ठणठणीत, कच्च्या रस्त्याला लागून, आणि वीस पावलांत... अहो काय सांगू! शेंदरी अकीक, निळा अकीक, शेवाळासारख्या नक्षीचा अकीक, दगड झालेलं लाकूड, पांढऱ्या दगडावर अख्खं पान, शिरांसकट! पाच डोंगरांतले दगड एका जागी! मी नाचले. खरंच नाचले, एका सशासमोर! घरी येऊन अकरा पानं लिहिली, की इथं एके काळी महानदी होती, तिनंच हे सगळं वाहून आणलं. एक दगड करवतीनं कापल्यासारखा सपाट होता. वाऱ्यानं घासला, असं लिहिलं. तळटीप देऊन!

मंडळात वाचलं. अध्यक्ष डेलबर्टकाका कानातलं यंत्र ठोकत म्हणाले, "पोरगी एवढ्या जोरात बोलते म्हणजे खरंच असणार." सहल माझी! चौदा नावं! "पण ओढा फसला, तर पुन्हा ऑर्विल. मरेपर्यंत." कुणाच्या मरेपर्यंत, ते नाही सांगितलं.

आजोबांनी फक्त एक अकीक उचलला, चाटला (आमच्यात चाटतातच, ओला झाल्याशिवाय रंग कळत नाही) आणि म्हणाले, "चव ओळखीची वाटते." मी म्हटलं, जळतात!

काल संध्याकाळी आम्ही तिघं जेवताना मी टेबलावर नकाशा पसरला. वर्ना आजी बटाट्याचं भांडं बाजूला सारून वाकली. "अय्या, हे तर तेच वळण!"

"कसलं वळण?"

"अगं, दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा गॅरेज आवरलं मी. नऊ बादल्या ट्रकमधून नेल्या आणि तिथं ओतल्या. दगडांत दगड टाकले, त्यात काय बिघडलं? अजून चाळीस उरल्यात, ह्यांना पत्तासुद्धा नाही!"

म्हणजे अकरा पानांची, तळटीपवाली माझी महानदी... आमची आजी!

संपलं, म्हटलं. आता हसतील, गावभर सांगतील, बैलाचं उट्टं काढतील. पण आजोबांचं तोंड पांढरंफटक! "चौदा जण," म्हणाले, "माणशी पंचवीस पौंड... वर्ना! माझे दगड!"

"टाकले ते टाकले," आजी म्हणाली, "आता सगळ्यांचे."

"टेसा, सहल तुझीच. मंडळाला अवाक्षर नको. फक्त आपण तासभर आधी निघायचं."

"माणशी पंचवीस पौंड, आजोबा. नियम म्हणजे नियम."

"मग माणसं वाढव!"

आणि आता उजाडतंय, मी थर्मासमध्ये कॉफी ओततेय, बाहेर हॉर्न वाजतोय... ऐकू येतोय ना? हेच ते पन्नास वर्षं घाई न केलेले आजोबा! टोपी घालून, मांडीवर हातोडी घेऊन ओरडतायत, "टेसा! अगं चल ना! दगड पळून जातील!"

निघते बाई. आणि मागच्या सीटवर, डोक्याला रुमाल गुंडाळून, रिकाम्या बादलीवर डोकं टेकून घोरतेय... माझी महानदी.