पंख सुटला नव्हता

कौशिक : पण मी सांगितलं होतं ना दादा, ते तिथेच राहू द्या म्हणून? निझवाच्याही पुढे, एवढ्या लांब परत कशाला गेलात?

उत्तम : सांगितलं होतंत. म्हणूनच पाच आठवडे गेलो नाही.

पूर्वा : दादा, आधी बसा तरी. काय आहे त्या गोणीत?

उत्तम : रॉकेट आहे, वहिनी. म्हणजे त्याचं उरलंसुरलं.

पूर्वा : उरलंय काही? कौशिक तर म्हणाला होता, हवेतच पंख सुटला आणि सगळ्याचा भुगा झाला.

कौशिक : पूर्वा, प्लीज. दादा, आज शुक्रवार आहे, जेवणाची वेळ आहे. मी रविवारी तुमच्याकडे येतो, वर्कशॉपमध्ये शांतपणे बोलू.

उत्तम : वर्कशॉपमध्ये मी आता लेथवर नसतो. मागच्या शेडमध्ये असतो, पॅकिंगची खोकी ठोकायला. तिथे बोलायला जागा नाही.

पूर्वा : खोकी? तुम्ही? का?

उत्तम : तेच सांगायला आलोय.

कौशिक : दादा…

पूर्वा : बोलू दे त्यांना, कौशिक.

उत्तम : वहिनी, हे पहिल्यांदा आमच्याकडे आले ते गेल्या रमजानच्या आधी. कागदावर चित्र होतं. म्हणाले, सात फुटी रॉकेट करायचंय, नुसता साचा कातून द्या, त्यावर मी फायबर चढवीन. मी चित्र बघितलं आणि विचारलं, सगळंच लाकडाचं का नको? हे हसले. मी म्हटलं, माझा बाप देवगडला होड्या बांधायचा. होडीलाही आत फासळ्या असतात, बाहेरून पातळ फळी असते, आणि तिलाही पाण्याचा मार खायचा असतो. वाऱ्याचा मार त्याहून वेगळा किती असणार? मग हे हसायचे थांबले.

कौशिक : ते मी कधी नाकारलं नाही. आयडिया दादांचीच होती.

उत्तम : आठ महिने लागले. कागदाएवढं पातळ लाकूड पाईपवर गुंडाळून, चिकटवून, नळी केली. पहिल्या तीन नळ्या तडकल्या. टोक सागाचं कातलं, ते जड झालं, मग पाईनचं कातलं. पंख बर्चच्या प्लायचे. ते नळीवर नुसते चिकटवले नाहीत. नळीला खाचा पाडून आत मोटरच्या नळीपर्यंत नेले आणि तिथे बसवले. सर काम संपवून पाच वाजता यायचे, ऑफिसच्या शर्टावर माझा एप्रन बांधून पॉलिशपेपर मारत बसायचे. माझ्या हाताखालच्या जमालला वाटायचं, मी यांना शिकाऊ म्हणून ठेवलंय.

पूर्वा : मला माहितीय. घरी येऊनही तेच बोलायचा. दादांनी आज हे शिकवलं, दादा असं म्हणाले.

उत्तम : मलाही बरं वाटायचं. बावीस वर्षं मस्कतमध्ये आहे, दारं-खिडक्या केल्या, लोकांची किचनं केली. 'हे असं का करता?' म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

कौशिक : दादा, मला सगळं आठवतंय. हे परत सांगायची गरज नाही.

उत्तम : वहिनींना सांगतोय. मग जानेवारीत परवानगी आली. माळावर अधिकारी आले, यांच्या रॉकेट क्लबातली कॉलेजची मुलंमुली आली, आमचा मालक, अर्बाबसुद्धा पांढरा दिशदाशा-बिशदाशा घालून आला. वारा सुटला होता. रॉकेटच्या पोटात ते पॅराशूट उघडायचं सर्किट असतं बघा, त्याला एक पिन असते. लाल फितीची. ती आत असेल तोवर सर्किट झोपलेलं. उडवायच्या आधी शेवटची ती काढायची. ते काम यांचं. वाऱ्याने फीत फडफडायला लागली म्हणून मीच ती टेपने दाबून ठेवली होती. सगळे मागे सरकल्यावर मी लांबून विचारलं, पिन काढली ना? यांनी अंगठा वर केला.

पूर्वा : मग?

उत्तम : मग उडालं की. काय उडालं, वहिनी. सुतासारखं सरळ. मान मोडेस्तोवर वर बघत होतो. अर्बाबने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. वर जाऊन ते वळलं, आणि आता पॅराशूट उघडेल म्हणून सगळे थांबले, ते उघडलंच नाही. एका टेकाडामागे गेलं आणि आवाज आला. हे गाडी घेऊन एकटे गेले. मी येतो म्हटलं, तर म्हणाले, नको दादा, तुम्हाला बघवणार नाही. अर्ध्या तासाने परत आले. म्हणाले, पंख सुटला असणार, त्याने ते भरकटलं आणि हवेतच फाटलं. काही उरलं नाही, चला.

कौशिक : त्या वेळी मला खरंच तसं वाटलं होतं.

उत्तम : जवळ जाऊन बघितलंत का तुम्ही?

कौशिक : लांबून बघितलं. तुकडे पसरले होते सगळे. जवळ जाण्यासारखं काही नव्हतं.

उत्तम : बरं.

(तो गोणीचं तोंड सोडतो आणि तिन्ही पंखांसकट रॉकेटचा मागचा हात-दीड हात लांबीचा भाग फरशीवर उभा करतो.)

पूर्वा : हे तर अख्खं आहे.

उत्तम : हात लावून बघा, वहिनी. हलवा. जोर लावा. जमालने पाय देऊन बघितलं. पुढचा भाग जमिनीत घुसून फुटलाय, ते खरं. पण पंख तिन्ही जागच्या जागी आहेत. एका सांध्याला केसाएवढी फट नाही.

कौशिक : ठीक आहे. म्हणजे माझा अंदाज चुकला. लांबून…

उत्तम : सर, आत बघा. मोटरचं ॲल्युमिनियमचं कवच नाहीये.

कौशिक : पडलं असेल कुठेतरी.

उत्तम : ते पडत नाही. मागे कडी आहे, तीन बोल्ट आहेत. मीच बसवलेत. पान्याशिवाय निघत नाहीत. बोल्ट परत जागेवर लावून ठेवलेत बघा, हरवू नयेत म्हणून. ही सवय तुम्हाला मी लावली.

पूर्वा : कौशिक, ते ॲल्युमिनियमचं लांब नळकांडं, आपल्या बाल्कनीत जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलंयस ते…

कौशिक : महागाचं असतं ते. परत वापरता येतं.

पूर्वा : म्हणजे तू जवळ गेला होतास.

उत्तम : आणि हे मधलं खोकं. सर्किटचं. पॅराशूट अजून घडीतच आहे, ते बाहेर फेकायची दारू जळलेलीच नाही. आणि ही पिन. टेप माझीच आहे.

पूर्वा : कौशिक. पिन काढलीच नव्हतीस?

कौशिक : नाही. विसरलो. अधिकारी घड्याळ बघत होते, मुलं मोजायला लागली होती, दादांनी विचारलं आणि मला वाटलं की काढलीय. खरंच वाटलं. तिथे टेकाडामागे जाऊन बघितलं, तेव्हा पिन आतच होती. ते माणसांवर पडलं असतं, पूर्वा. दोनशे माणसं होती.

पूर्वा : मग परत येऊन खरं का नाही सांगितलंस?

कौशिक : चौदा महिने लागले ती परवानगी मिळायला. कागदावर जबाबदार माणूस म्हणून माझं एकट्याचं नाव. सेफ्टी पिन न काढता उडवलं असं लिहिलं असतं, तर क्लब त्याच दिवशी बंद. मुलांची पुढची दोन रॉकेट तयार आहेत. सामानात दोष निघाला, तर फक्त सामान बदला म्हणतात. मी विचार केला, यात कुणाचं नुकसान नाही.

उत्तम : मला इंग्रजी वाचता येत नाही, वहिनी. क्लबचा रिपोर्ट अर्बाबकडे आला, कारण लेथ त्याची, लाकूड त्याचं. त्याने मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मला लेथवरून काढून मागे पाठवलं. मी जमालला म्हटलं, बाबा, काय लिहिलंय ते वाच. त्याने एकदा मनात वाचलं आणि कागद घडी करून ठेवायला लागला. मी म्हटलं, नाही, वाच. तर लिहिलंय, लाकूड या कामाला योग्य नव्हतं, स्थानिक सुताराने केलेले सांधे कच्चे होते, त्याला अशा कामाचा अनुभव नव्हता, यापुढे फायबरच वापरावं.

पूर्वा : 'स्थानिक सुतार.'

उत्तम : नाव नाही. ते बरंच झालं म्हणा.

कौशिक : नाव मुद्दामच घातलं नव्हतं दादा. तुम्हाला त्रास नको म्हणून.

उत्तम : रिपोर्टचं मी एवढं मनावर घेतलं नसतं, सर. मोठ्या साहेबांना असलं काही लिहावं लागतं, तेवढं मला कळतं. तुम्ही आदल्या दिवशी येऊन म्हणाला असतात, दादा, माझ्याकडून चुकलं, पण कागदावर तुमच्यावर ढकलावं लागतंय, तर कदाचित मीच म्हटलं असतं, ढकला.

कौशिक : मला तेवढं धाडस झालं नाही.

उत्तम : पण तुम्ही मलाही तेच सांगितलंत. मी रोज रात्री कामगारांच्या कॅम्पात पडून तो सांधा आठवत होतो. डिंक कमी पडला का, थंडीत नीट वाळला नाही का, तिसऱ्या पंखाच्या वेळी जमालशी बोलत होतो तेव्हा हात हलला का. माझोच हात चुकलो, असाच मी धरून बसलंय. बापाने शिकवलेला हात. अर्बाबने खोकी ठोकायला लावली, तर ती ठोकतानाही मला वाटायचं, बरोबर केलं त्याने.

पूर्वा : दादा, तुम्ही इथे आला होतात. याच सोफ्यावर बसला होतात.

उत्तम : हो. दहा दिवसांनी आलो होतो. खजूर घेऊन. यांच्यापुढे हात जोडले, म्हटलं, माझ्यामुळे तुमची मान खाली गेली, मला माफ करा.

पूर्वा : आणि मी चहा आणला. मी म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, माणसाच्या हातून होतं असं.

उत्तम : तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण यांना ठाऊक होतं. पिन तेव्हा यांना ठाऊक होती, नळकांडं त्या भिंतीपलीकडे होतं. यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, जाऊ दे दादा, मी तुम्हाला माफ केलं.

पूर्वा : कौशिक, आता काय करणार आहेस?

कौशिक : मी रिपोर्ट मागे घेतो. नवा लिहितो, पिनचं सगळं लिहितो. रविवारी येऊन अर्बाबना स्वतः सांगतो.

उत्तम : या. सकाळी नवाच्या आत या, मग तो सोहारला जातो. हे लाकूड मी इथेच ठेवतो, तुम्ही येताना घेऊन या. तुमच्या हाताने दाखवा.

पूर्वा : तो आला नाही तर मी येईन. घेऊन येईन त्याला.

कौशिक : येईन मी. क्लब गेला तर गेला. दादा… मला माफ करा.

उत्तम : आज नका मागू, सर. मला नाही म्हणता येत नाही. मी करीन माफ, आणि तुम्ही मोकळे व्हाल.

पूर्वा : जेवून तरी जा, दादा. पानं घेतलेलीच आहेत.

उत्तम : नको, वहिनी. जमाल खाली गाडीत बसलाय. उन्हात आहे तो.